बड्या राष्ट्रांची चुरस आणि लष्करी करार

(नभोवाणीवरील भाषण)

माझ्यासमोर या क्षणीं दोन करारांचे मसुदे आहेत. एकावर ४ एप्रिल १९४९ रोजीं वॉशिंग्टन येथें सह्या झाल्या, दुसऱ्यावर १४ मे १९५५ रोजीं वॉर्सा येथें. पहिल्यास उत्तर अटलांटिक करार म्हणतात; त्यांतून जी संघटना उभी राहिली तिला आपण 'नाटो' या संक्षिप्त नांवानें ओळखतों. दुसरा तो वॉर्सा करार. १९५५ पासून १९९१ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षें, हे दोन करार एकमेकांसमोर उभे होते आणि त्यांनीं बांधलेलीं सैन्यें जर्मनीच्या मध्यभागीं एकमेकांवर तोफा रोखून बसलीं होतीं. असें असतां हे मसुदे शेजारीं शेजारीं ठेवून वाचले तर वाचक चकित होतो. दोन्ही करारांत शांततेची ग्वाही आहे. दोन्ही करार संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेचा आधार घेतात, आणि विशेषतः तिच्या ५१ व्या कलमाचा. एकट्यानें अथवा इतरांसह स्वसंरक्षण करण्याचा प्रत्येक राष्ट्राचा हक्क या कलमानें मान्य केला आहे. वॉशिंग्टनच्या कराराचें पांचवें कलम म्हणतें कीं, सभासदांपैकीं कोणावरहि युरोपांत वा उत्तर अमेरिकेंत सशस्त्र हल्ला झाल्यास तो सर्वांवरील हल्ला समजला जाईल आणि प्रत्येक सभासद स्वतःस आवश्यक वाटेल ती उपाययोजना, प्रसंगीं शस्त्रबळाचा उपयोगहि, करील. वॉर्साच्या कराराचें चौथें कलम म्हणतें कीं, युरोपांत कोणाहि सभासदावर सशस्त्र हल्ला झाल्यास प्रत्येक सभासद स्वतःस आवश्यक वाटतील त्या सर्व साधनांनीं, शस्त्रबळानेंहि, त्यास तात्काळ साहाय्य करील. नांवें व तारखा झांकून ठेवल्या तर कोणतें कलम कोणाचें हें सांगणें सामान्य वाचकास अवघड जाईल.

मग प्रश्न असा उभा राहतो कीं, दोघांनाहि केवळ संरक्षणच करावयाचें होतें तर तें कोणापासून? जो तो ढालच हातीं घेऊन उभा असेल तर तलवार कोणाच्या हातांत होती? आजच्या भाषणांत याच प्रश्नाचा विचार मला करावयाचा आहे. मला वाटतें कीं, असे करार नेहमीं आक्रमणाच्या हौसेंतून जन्मतात ही समजूत चुकीची आहे. पुष्कळदां ते भीतींतून जन्मतात; आणि एकानें भीतीपोटीं केलेला उपाय दुसऱ्याची भीति वाढवितो, हेंच त्यांच्या वाढीचें मुख्य कारण असतें.

बलाढ्य राष्ट्रांच्या चुरशींतून परस्परविरोधी फळ्या निर्माण होणें ही कांहीं विसाव्या शतकाची नवलाई नव्हे. सीमेलगतचा राजा तो शत्रु व त्याच्या पलीकडचा तो मित्र, हा मंडलाचा सिद्धांत कौटिल्यानें अर्थशास्त्रांत मांडून ठेवला आहे. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत ग्रीसमधील लहानमोठीं नगरराज्यें अथेन्स व स्पार्टा यांच्या भोंवतीं दोन बाजूंस गोळा झालीं, आणि त्या युद्धाचा इतिहासकार थ्युसिडिडीज यानें अथेन्सची वाढती सत्ता व तिच्यामुळें स्पार्टास वाटणारी भीति हेंच युद्धाचें खरें कारण म्हणून सांगितलें. अलीकडच्या काळांत जर्मनी व ऑस्ट्रिया यांनीं १८७९ सालीं तह केला, १८८२ मध्यें इटली त्यांस मिळाली. त्यावर उतारा म्हणून १८९४ मध्यें फ्रान्स व रशिया एकत्र आले, आणि १९०४ व १९०७ सालीं इंग्लंडनें या दोघांशीं समेट केले. १९१४ सालीं काय झालें तें आपणांस ठाऊकच आहे.

परंतु १९४५ नंतरची परिस्थिति एका बाबतींत अगदीं निराळी होती. १९१४ पूर्वीं युरोपांत पांच-सहा प्रबळ सत्ता होत्या. एखादी सत्ता आपलें वजन या पारड्यांतून त्या पारड्यांत टाकूं शकत असे. इटलीनें १९१५ सालीं तेंच केलें. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी व जपान यांचा पाडाव झाला होता, फ्रान्स खिळखिळा झाला होता, आणि विजयी इंग्लंड कर्जांत बुडालें होतें. युरोपच्या भवितव्याविषयीं निर्णायक शब्द बोलूं शकतील अशा दोनच सत्ता उरल्या, अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें आणि सोव्हिएट रशिया. मध्यस्थ म्हणून उभा राहील असा तोलामोलाचा तिसरा कोणी उरला नाहीं.

या दोघांनाहि भिण्यास कारणें होतीं. रशियावर १८१२ सालीं नेपोलियन पश्चिमेकडून चालून आला होता. विसाव्या शतकांत जर्मन फौजा दोनदां त्याच वाटेनें आल्या. दुसऱ्या महायुद्धांत सोव्हिएट रशियाचे सुमारें दोन कोटी सत्तर लक्ष लोक मेले. आपल्या पश्चिम सीमेलगतच्या देशांत आपल्याला अनुकूल अशींच सरकारें असलीं पाहिजेत असा स्टालिनचा निश्चय होता, आणि हंगेरी, पोलंड, रुमानिया येथील लोकांना काय वाटतें याची त्यानें पर्वा केली नाहीं. त्यांतच अमेरिकेजवळ अणुबाँब होता व तो हिरोशिमा आणि नागासाकी येथें वापरलाहि गेला होता. उलट बाजूस अमेरिका व इंग्लंड यांच्या मनांत १९३८ च्या म्यूनिक कराराची आठवण ताजी होती. हिटलरला एक लचका दिला तर त्यानें दुसऱ्यासाठीं हात पुढें केला. मग स्टालिनहि तसेंच करणार नाहीं कशावरून, हा प्रश्न तेथील मुत्सद्द्यांस भेडसावीत होता. पूर्व युरोपांत जें जें घडत होतें त्यानें ही शंका दृढच होत गेली.

१९४६ साल या दृष्टीनें मोठें बोधप्रद आहे. त्या वर्षीं फेब्रुवारींत मॉस्को येथील अमेरिकन वकिलातींतील अधिकारी जॉर्ज केनन यानें आपल्या सरकारास एक अतिशय लांब तार पाठविली. सोव्हिएट राज्यकर्ते बाह्य जगास स्वभावतःच शत्रु मानतात, समजुतीच्या गोष्टींनीं ते बदलणार नाहींत, फक्त बळाचा युक्तिवाद त्यांस कळतो, असा तिचा आशय होता. त्याच वर्षीं सप्टेंबरांत वॉशिंग्टन येथील सोव्हिएट वकील निकोलाय नोविकोव्ह यानें मॉस्कोस एक अहवाल पाठविला. युद्धानंतरच्या अमेरिकेचें धोरण जागतिक वर्चस्वाचें आहे, तिचे लष्करी तळ जगभर पसरत आहेत, आणि हें सारें रशियाविरुद्ध आहे, असा त्याचा आशय होता. दोन माणसें परस्परांच्या राजधानींत बसून एकमेकांच्या देशाचें चित्र काढीत होतीं आणि दोन्ही चित्रें बहुतांशीं सारखीं उतरलीं. प्रत्येकानें स्वतःच्या देशाची भीति ही भीति म्हणून ओळखली. दुसऱ्याच्या भीतीला मात्र त्यानें महत्त्वाकांक्षा हें नांव दिलें.

येथें एक साधा दाखला देतों. एखाद्यानें आपल्या दारास कुलूप लावलें तर शेजाऱ्यास त्याचें कांहीं वाटत नाहीं, कारण कुलपानें दुसऱ्याचें घर फोडतां येत नाहीं. परंतु त्यानें गच्चीवर बंदुकवाला पहारेकरी बसविला तर शेजाऱ्याची झोंप उडते. पहारेकरी चोरांसाठीं आहे असें त्यास हजार वेळां सांगितलें तरी बंदुकीचा पल्ला त्याच्या अंगणापर्यंत पोंचतो, ही गोष्ट कांहीं खोटी होत नाहीं. मग तोहि एक पहारेकरी ठेवतो. राष्ट्रांच्या बाबतींत दुर्दैवानें कुलपें थोडीं आणि बंदुका फार. ज्या रणगाड्यानें सीमा राखतां येते त्याच रणगाड्यानें ती ओलांडतांहि येते.

यानंतरच्या घटना एकामागून एक घडल्या. फेब्रुवारी १९४७ मध्यें इंग्लंडनें कळविलें कीं, ग्रीस व तुर्कस्तान यांस मदत करण्याचें सामर्थ्य आपल्यांत उरलेलें नाहीं. १२ मार्च १९४७ रोजीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं त्या दोन देशांसाठीं चाळीस कोटि डॉलर मागितले. जूनमध्यें परराष्ट्रमंत्री मार्शल यांनीं युरोपच्या पुनर्रचनेसाठीं अर्थसाहाय्याची योजना जाहीर केली. झेकोस्लोव्हाकियानें प्रथम तिच्या परिषदेस येण्याचें मान्य केलें, पण मॉस्कोच्या दडपणामुळें त्यास नकार कळवावा लागला. फेब्रुवारी १९४८ मध्यें प्रागमध्यें कम्युनिस्टांनीं सर्व सत्ता हस्तगत केली. लगेच १७ मार्च १९४८ रोजीं इंग्लंड, फ्रान्स, बेल्जम, हॉलंड व लक्झेंबर्ग या पांच देशांनीं ब्रुसेल्स येथें परस्पर-संरक्षणाचा करार केला. २४ जूनपासून रशियानें पश्चिम बर्लिनचे जमिनीवरील व पाण्यावरील मार्ग बंद केले; वीस लाखांहून अधिक लोकांच्या त्या शहरास अमेरिकन व इंग्रज विमानांनीं जवळजवळ वर्षभर धान्य व कोळसा पुरविला. पावणेतीन लाखांहून अधिक उड्डाणें झालीं आणि तेवीस लाख टन माल पोंचला. मे १९४९ मध्यें वेढा उठला. परंतु त्यापूर्वींच, एप्रिलमध्यें, वॉशिंग्टनच्या करारावर सह्या होऊन गेल्या होत्या.

या हकिगतींत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. बडें राष्ट्र लहानांस ओढून आपल्या कळपांत घेतें असें आपण समजतों. पश्चिम युरोपांत उलट घडलें. तेथें लहानांनींच मोठ्याचा हात धरला. इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनीं अमेरिकेस युरोपांत गुंतविण्यासाठीं अटोकाट प्रयत्न केले. नॉर्वेला धास्ती होती कीं, एप्रिल १९४८ मध्यें फिनलंडला रशियाशीं जसा तह करावा लागला तसा आपल्यावरहि लादला जाईल. अमेरिकेची परंपरा मात्र परदेशीं गुंतण्याच्या विरुद्ध होती. अठराव्या शतकांत फ्रान्सशीं झालेल्या तहानंतर शांततेच्या काळांत युरोपांतील राष्ट्रांशीं लष्करी युति तिनें केलीच नव्हती. म्हणून सीनेटचें मन वळविण्यासाठीं पांचव्या कलमांतील शब्द जपून योजावे लागले; युद्ध पुकारण्याचा अमेरिकन काँग्रेसचा अधिकार शाबूत राहावा यासाठींच 'स्वतःस आवश्यक वाटेल ती उपाययोजना' ही मोकळीक त्यांत आली. जुलै १९४९ मध्यें सीनेटनें ८२ विरुद्ध १३ मतांनीं करारास संमति दिली. बारा राष्ट्रें प्रथम सभासद झालीं. त्यांत ज्याला स्वतःचें सैन्यच नाहीं असें आइसलंड होतें, आणि जेथें लोकशाही नव्हती असें सालाझारचें पोर्तुगालहि होतें; कारण अटलांटिक महासागरांतील बेटें हवीं होतीं. तत्त्वांची भाषा व नकाशाची गरज यांची अशी गल्लत प्रत्येक लष्करी करारांत थोडीफार आढळते.

तथापि १९४९ चा करार हा बराचसा कागदावरच होता. त्याची फौज बनविली ती कोरियानें. २५ जून १९५० रोजीं उत्तर कोरियाचें सैन्य दक्षिणेंत घुसलें आणि जें आशियांत झालें तें उद्यां जर्मनींत होईल अशी धास्ती पश्चिमेस पडली. जनरल आयसेनहॉवर यांस संयुक्त सेनापति नेमण्यांत आलें, आणि जर्मन सैनिकांवांचून युरोपचें रक्षण होणार नाहीं असें अमेरिका उघडपणें म्हणूं लागली. जर्मनी शरण येऊन तेव्हां उणींपुरीं पांच वर्षें झालीं होतीं. फ्रान्सच्या अंगावर कांटा उभा राहिला. संयुक्त युरोपीय सैन्य उभारून त्यांत जर्मन तुकड्या विरघळवून टाकाव्या अशी योजना फ्रान्सनेंच मांडली, आणि चार वर्षांच्या वादानंतर ३० ऑगस्ट १९५४ रोजीं फ्रान्सच्याच लोकसभेनें ती ३१९ विरुद्ध २६४ मतांनीं बाजूस सारली. जर्मन शस्त्रांची भीति मॉस्कोपुरतीच मर्यादित नव्हती, याचा याहून स्पष्ट पुरावा नाहीं.

मॉस्कोनें या काळांत जर्मन पुनःशस्त्रीकरण टाळण्यासाठीं दोन प्रयत्न केले. मार्च १९५२ मध्यें स्टालिननें एकसंध पण तटस्थ जर्मनीची सूचना केली. ३१ मार्च १९५४ रोजीं तर सोव्हिएट सरकारनें 'नाटो'मध्यें स्वतःच सामील होण्याची तयारी दर्शविली. पाश्चात्य राष्ट्रांनीं दोन्ही सूचना हा डावपेंच समजून नाकारल्या. त्यांतील प्रामाणिकपणा किती व पेंच किती याविषयीं इतिहासकारांत अद्यापि एकमत नाहीं. परंतु ज्याच्यापासून रक्षण करण्यासाठीं संघटना उभारली त्यालाच तिचा सभासद करून घेतलें तर ती संघटना लष्करी करार न राहतां दुसराच कांहीं पदार्थ बनते, एवढें खरें. ऑक्टोबर १९५४ मध्यें पॅरिस येथें करारमदार झाले आणि मे १९५५ च्या पहिल्या दहा दिवसांत पश्चिम जर्मनी 'नाटो'चा सभासद झाला. १४ मे रोजीं आठ राष्ट्रांनीं वॉर्साच्या करारावर सह्या केल्या, सोव्हिएट रशिया, पोलंड, झेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया, आल्बानिया व पूर्व जर्मनी. सोव्हिएट सेनापति मार्शल कोनेव्ह यांची संयुक्त सेनापति म्हणून नेमणूक झाली. सर्व युरोपच्या सुरक्षिततेचा एकच तह झाला तर हा करार आपोआप रद्द होईल, असेंहि एक कलम त्यांत होतें.

पण वॉर्साच्या कराराचें दुसरेंहि एक कारण होतें, आणि तें मसुद्यांत लिहिलेलें नाहीं. हंगेरी व रुमानिया येथें सोव्हिएट फौजा राहत होत्या त्या १९४७ च्या शांतता-तहांच्या आधारावर. ऑस्ट्रियांतील सोव्हिएट सैन्याशीं दळणवळण राखण्यापुरतीच ती मुभा होती. वॉर्साच्या दुसऱ्याच दिवशीं, १५ मे १९५५ रोजीं, व्हिएन्ना येथें ऑस्ट्रियाच्या स्वातंत्र्याचा तह झाला व तेथून सर्व परकी फौजा निघण्याचें ठरलें. म्हणजे हंगेरींत राहण्याचा जुना आधार संपत होता. नवा करार हा नवा आधार झाला.

त्याचा अनुभव हंगेरीस दीड वर्षांतच आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं इम्रे नाज यांच्या सरकारनें वॉर्सा करारांतून बाहेर पडण्याची घोषणा केली. ४ नोव्हेंबरला सोव्हिएट रणगाडे बुडापेस्टमध्यें शिरले. २० ऑगस्ट १९६८ च्या रात्रीं रशिया, पोलंड, हंगेरी व बल्गेरिया यांच्या फौजांनीं झेकोस्लोव्हाकिया व्यापला. युरोपांत वॉर्सा कराराच्या सैन्यांनीं मिळून केलेली ही एकमेव मोठी चढाई, आणि ती झाली स्वतःच्याच एका सभासदावर. रुमानियानें तींत भाग घेण्याचें नाकारलें आणि आल्बानियानें त्याच वर्षीं करार सोडला. वसईच्या तहाची व तैनाती फौजेची कथा ज्यांना पाठ आहे अशा आपणां महाराष्ट्रीयांस यांतलें मर्म चटकन् उमगेल. संरक्षणासाठीं आलेली परकी फौज कोणाच्या हुकमानें हालते, या प्रश्नावरच सारें अवलंबून असतें. 'नाटो'मध्येंहि अमेरिकेचा वरचष्मा होता व तो पुष्कळांस डांचत असे. परंतु १९६६ सालीं फ्रान्सनें संयुक्त लष्करी व्यवस्थेंतून अंग काढून घेतलें व परकी तळ हालविण्यास सांगितलें, तेव्हां 'नाटो'ची कचेरी पॅरिसहून ब्रुसेल्सला गेली. पॅरिसवर रणगाडे गेले नाहींत. दोन करारांच्या शब्दांत जो भेद दिसत नव्हता तो येथें दिसतो. ज्या करारांतून बाहेर पडतां येतें तो करार. ज्यांतून पडतां येत नाहीं तो पाश.

ही चुरस युरोपपुरती राहिली असती तर आपण तिच्याकडे दुरून पाहिलें असतें. परंतु साम्यवादास चोहोंकडून आवर घालण्याचें धोरण एकदां ठरल्यावर करारांची माळ आशियापर्यंत आली. मे १९५४ मध्यें अमेरिकेनें पाकिस्तानशीं लष्करी मदतीचा करार केला. सप्टेंबर १९५४ मध्यें मनिला येथें आग्नेय आशियाचा करार झाला. १९५५ मध्यें बगदाद करार आला. पाकिस्तान या दोन्ही करारांत शिरला. अमेरिकेच्या डोळ्यांसमोर रशिया व चीन होते. पाकिस्तानच्या डोळ्यांसमोर होता हिंदुस्थान. एकाच करारावर सह्या करणारे दोघे दोन निरनिराळ्या शत्रूंकडे पाहत होते. मनिला करारांत आपली जबाबदारी साम्यवादी आक्रमणापुरतीच आहे असें अमेरिकेनें नमूद करून ठेवलें होतें, आणि १९६५ च्या युद्धांत त्या कराराचा पाकिस्तानला कांहींच उपयोग झाला नाहीं. पण मिळालेले रणगाडे व विमानें मात्र आपल्याच सीमेवर आलीं.

पंडित नेहरूंनीं या करारांविरुद्ध आवाज उठविला आणि कोणत्याहि गटांत न शिरण्याचें धोरण स्वीकारलें. परंतु चुरशीच्या ओढीपासून तेंहि पूर्णपणें अलिप्त राहूं शकलें नाहीं. १९६२ सालीं चीनशीं युद्ध पेटतांच आपण अमेरिकेकडे शस्त्रें मागितलीं. त्याच सुमारास सोव्हिएट मिग विमानांचा करार झाला, आणि तीं बांधण्यासाठीं १९६४ सालीं नाशिकजवळ ओझर येथें कारखाना निघाला. ओझरच्या माळावरील त्या कारखान्याची कारणपरंपरा शोधीत गेलें तर तिचें एक टोंक मनिला व बगदाद येथें सांपडतें. जुलै १९७१ मध्यें अमेरिकेचे हेन्री किसिंजर पाकिस्तानच्या मदतीनें गुप्तपणें पेकिंगला गेले. पुढच्याच महिन्यांत, ९ ऑगस्ट रोजीं, भारत व सोव्हिएट रशिया यांच्यांत वीस वर्षांचा मैत्रीचा तह झाला. हल्ला झाल्यास वा हल्ल्याचा धोका निर्माण झाल्यास ताबडतोब विचारविनिमय करावा, असें त्याचें नववें कलम होतें. आपण त्यास लष्करी करार म्हटलें नाहीं, व तांत्रिक दृष्ट्या तो नव्हताहि. परंतु समोर एक जोडी जुळत असतां एकट्यानें उभें राहणें किती कठीण असतें, हें त्या तहानें दाखवून दिलें.

या दोन फळ्यांत प्रत्यक्ष युद्ध झालें नाहीं, ही मोठी भाग्याची गोष्ट. अण्वस्त्रांच्या धाकामुळें दोन्ही पक्ष सावध राहिले असें म्हणतात, आणि त्यांत तथ्य आहे. परंतु तो केवळ शहाणपणाचा विजय होता असें मानणें धोक्याचें होईल. ऑक्टोबर १९६२ मध्यें रशियानें क्यूबांत अस्त्रें नेलीं तेव्हां अमेरिका खवळली. पण अमेरिकेचीं तसलींच अस्त्रें 'नाटो'च्या नांवानें तुर्कस्तानांत उभीं होतीं. अखेर क्यूबांतील अस्त्रें उघडपणें गेलीं आणि तुर्कस्तानांतील गुप्त वचनानुसार पुढील वर्षीं काढण्यांत आलीं. उघडपणें कां नव्हे? तर दडपणाखालीं आपण मित्राचें संरक्षण विकलें असें इतर मित्रांस वाटूं नये म्हणून. मित्रांचा विश्वास राखण्यासाठीं शत्रूशीं करावयाची तडजोडसुद्धां लपवावी लागते, हाहि लष्करी युतीचा एक गुणधर्म आहे. त्या प्रसंगानंतर १९६३ सालीं मॉस्को व वॉशिंग्टन यांच्यांत थेट तारेनें संदेश जाण्याची सोय झाली, आणि १९७५ सालीं हेलसिंकी येथें दोन्ही फळ्यांतील राष्ट्रांनीं एकाच दस्तऐवजावर सह्या केल्या.

१ जुलै १९९१ रोजीं प्राग येथें वॉर्सा करार विसर्जित झाला व त्याच वर्षाअखेर सोव्हिएट संघराज्यहि मावळलें. 'नाटो' मात्र राहिली. पांचव्या कलमाचा आधार प्रत्यक्षांत एकदांच घेतला गेला, आणि तोहि रशियाविरुद्ध नव्हे, तर ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेवरील हल्ल्यानंतर. तत्पूर्वीं १९९९ सालीं पोलंड, हंगेरी व झेक प्रजासत्ताक 'नाटो'त आले होते. २००४ मध्यें आणखी सात देश आले. लांब तारेचा लेखक केनन यानें १९९७ मध्येंच इशारा दिला होता कीं, हा विस्तार ही मोठी घातक चूक ठरेल. उलट पोलंड व बाल्टिक देश म्हणत होते कीं, १९३९ व १९४० सालीं आमच्यावर काय गुदरलें तें आम्ही विसरलों नाहीं, आम्हांला कोणी ओढून नेत नाहीं, आम्हींच दार ठोठावीत आहों. पुन्हां तीच दोन चित्रें! २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियानें युक्रेनवर मोठें आक्रमण केलें, आणि 'नाटो'चा विस्तार हें त्याचें एक कारण म्हणून सांगितलें. भीति हें कारण असूं शकेल; तें समर्थन होऊं शकत नाहीं. परिणाम मात्र नेहमींच्याच नियमानें झाला. सुमारें तेराशें चाळीस किलोमीटर लांबीची सीमा रशियाशीं असलेलें फिनलंड इतकीं वर्षें तटस्थ होतें. तें ४ एप्रिल २०२३ रोजीं, वॉशिंग्टन कराराच्या वर्धापनदिनींच, 'नाटो'त आलें. मार्च २०२४ मध्यें स्वीडन आला आणि सभासदांची संख्या बत्तीस झाली. जें दूर ठेवण्यासाठीं शस्त्र उचललें तेंच शस्त्रानें जवळ आणलें.

यावरून लष्करी करार सर्वथैव त्याज्य आहेत असें मी म्हणत नाहीं. नॉर्वे वा पोलंड यांच्या जागीं बसून पाहिलें तर करारावांचून दुसरा आसरा कोणता, हा प्रश्न निरुत्तर करणारा आहे. माझें म्हणणें इतकेंच कीं, वर्तमानपत्रांत एखाद्या नव्या कराराची वार्ता वाचतांना 'केवळ संरक्षणासाठीं' या शब्दांवर आपण थांबूं नये. ज्याचें नांव त्यांत लिहिलेलें नाहीं तो शत्रु कोण, आणि हें वाचून त्याला काय वाटेल? फौज कोणाच्या भूमीवर उभी राहणार आणि तिचा हुकूम कोणाच्या हातीं? आणि तिसरें, या करारांतून बाहेर येण्याचें व पलीकडच्याशीं बोलण्याचें एखादें दार उघडें ठेवलें आहे काय? हे तीन प्रश्न विचारण्याची संवय नागरिकांस लागली, तर राज्यकर्त्यांसहि त्यांचीं उत्तरें आधीं शोधून ठेवावीं लागतील. करार करणारे मुत्सद्दी थोडे असतात. त्यांचे परिणाम भोगणारे आपणच पुष्कळ असतों.